सोजर आणि घंटेचा चोर

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर चोर पकडला. खरा नव्हे, मोबाइलमधला. म्हशीची धार काढून झाली होती, चहा झाला होता, ऊन उतरलं होतं आणि आम्ही ओट्यावर बसलो होतो. फोन तिच्या मांडीवर, चष्मा तिच्या नाकावर. चष्मा माझा. तिचा स्वतःचा डबीत जपून ठेवलेला असायचा. म्हणायची, "तुमच्यातनं अक्षर मोठं दिसतंय." मग मला काही दिसायचं नाही, म्हणून ती वाचायची आणि मी ऐकायचो. असा आमचा संसार.

वाचता वाचता ती थांबली. पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं ठसका लागला. पाणी आणायला उठलो तर हातानंच खाली बसा म्हणाली. बघतो तर हसायली.

"काय झालं गं?"

"घावला."

"कोण?"

"चोर."

"मग सांग की कोण ते."

"ते मला सांगता येत न्हाय," असं म्हणली आणि परत पदर तोंडात.

का सांगता येत नाही हे कळायला सोजर माहीत पाहिजे. ती तुमच्यातल्या कुणाला माहीत नाही, म्हणून लिहितो. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे. चुकलं तर चुकलं.

सोजर माझी बायको. अंगानं काटकुळी, कपाळावर गोंदण, पण आवाज असा की घरातनं हाक मारली तर शेतातला माणूस वळून बघायचा. माहेर तिचं उमरग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेवर. रागावली की कानडीत बोलायची. मला कानडी येत नाही. त्यामुळं इतक्या वर्षांत तिनं मला नक्की काय काय म्हणलं, ते मला आजही ठाऊक नाही. एकदा मी विचारलं, "आत्ता काय म्हणलीस?" तर म्हणली, "लई चांगलं म्हणलं. जेवा."

माझं नाव दगडू. माझ्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईनं मुद्दाम असलं नाव ठेवलं. कुणाची नजर लागू नये म्हणून. हे नाव सोजरनं उभ्या जन्मात घेतलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं म्हणतात, पण बँडवाला माझ्या कानाशी उभा होता, मला ऐकू आलं नाही. नाव तर नाहीच, नावाच्या आसपासचंही काही तोंडातनं निघायचं नाही. दगडाला ती धोंडा म्हणायची. गावात माझ्याच नावाचा एक न्हावी आहे, त्याला म्हणायची, "ह्यांच्या नावाचा." पोरगं लहान असताना विचारायचं, आई, बाबांचं नाव काय? तर म्हणायची, "त्यांनाच इचार. त्यांचं हाय."

एकदा तिला उमरग्याला दवाखान्यात नेलं. मी गाडी लावायला मागं राहिलो, ती पुढं खिडकीपाशी गेली. आतली पोरगी विचारायली, "आजी, पतीचं नाव?" सोजर म्हणली, "येत्यात आता. गाडी लावायलेत." पोरगी म्हणली, "तुम्ही सांगा ना, मागं लाइन आहे." तर सोजरनं तिला कोडं घातलं. "रस्त्यात पडलेला असतोय. बघून चाललं न्हाय तर ठेच लागती." मी पोचलो तेव्हा सगळी लाइन माझं नाव ओळखायच्या मागं लागली होती. एक जण म्हणाला, खड्डा. एक बाई म्हणली, खुंटी. मी नाव सांगितलं तेव्हा लोकांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी काही तरी जिंकून आलोय. आणि ही आपली शांत, पदर नीट करत उभी.

गाव आमचं सास्तूर. परगावी कुठंही हे नाव सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. अरेरे, भूकंपाचं ना, म्हणतो. सोजरला ह्याचा लई राग यायचा. म्हणायची, "आपलं नाव निघालं की लोकं च्च च्च करत्यात. आपुन काय जल्मभर ढिगाऱ्याखालीच हाव व्हय? एकदा तरी दुसऱ्या कशात गावाचं नाव येऊ द्या की."

असं म्हणायची, पण भूकंप काही तिच्यातनं गेला नव्हता. त्यानंतर मिळालेल्या घरात आम्ही राहतो. सगळी घरं एका रांगेत, एका साच्यातली. त्या घराला सोजरनं आतून कडी कधी लावली नाही. दार नुसतं लोटून झोपायची. मी म्हणायचो, अगं, चोर यील. ती म्हणायची, "येऊ द्या. चोर आला तर भाकर खाऊन जाईल. आपल्याला कडी काढता आली न्हाय तर आपुन कुठं जायचं?" मी दार तसंच लोटलेलं ठेवायचो. त्या पहाटे ज्यांना कडी काढता आली नाही, ती माझी आई होती आणि आमची थोरली लेक.

अशा बाईला म्हातारपणी कुलपं उघडायचा नाद लागला, ही गंमतच म्हणायची.

पोरगा पुण्याला असतो. त्यानं फोन पाठवला होता, तोंड बघून बोलता यावं म्हणून. त्या फोनवर एक दिवस आपोआप जाहिरात आली. 'सात कुलपं' असा खेळ, मराठीत. सोजरनं बोट लावलं आणि अडकली. खेळ असा. एका गावात महादेवाच्या देवळातली घंटा चोरीला गेलेली. संशय चौघांवर. सावकार, पुजारी, सोनार आणि पाटलाचा गडी. दर सोमवारी एक कुलूप यायचं. कुलपावर काही तरी गुप्त भाषेत लिहिलेलं असायचं. ते फोडलं की कुलूप उघडायचं आणि चोराबद्दल एक गोष्ट कळायची. शेवटच्या कुलपात चोराचं नाव लिहायचं. एकदाच लिहायचं, चुकलं की संपलं. ज्याचं बरोबर येईल त्याचं नाव आणि त्याच्या गावाचं नाव तिथल्या फळ्यावर लागायचं.

मी विचारलं, "बक्षीस काय देत्यात?"

"बक्षीस न्हाय. नाव येतंय. गावासकट."

तेव्हाच मला कळलं की ही आता ऐकणार नाही.

पहिल्या कुलपावर नुसती अक्षरांची खिचडी होती. कशाचा कशाला मेळ नाही. मी म्हणलं, फोन बिघडलाय. तिनं सूप घेतलं, त्यात ज्वारी घेतली, फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि निवडत बसली. ती विचार असाच करायची. हात रिकामा असला की तिचं डोकं चालायचं नाही. म्हणायची, "आधी खडं येचा. दाणं कुठं जात न्हाईत." जे बसत नाही ते आधी बाजूला काढायचं आणि उरलेल्याकडं बघायचं, एवढीच तिची विद्या. ज्वारी निवडून झाली आणि ती शाळेतल्या पोरीसारखी हेल काढून क, ख, ग म्हणायला लागली. दर अक्षराच्या जागी त्याच्या पुढचं अक्षर लिहिलेलं होतं. क पाहिजे तिथं ख, ख पाहिजे तिथं ग. एकेक अक्षर ती मागं सरकवत गेली आणि कुलूप उघडलं. खट्‌ असा आवाज आला. ती एवढी दचकली की सूप उलटलं. सगळी ज्वारी परत निवडली, पण तोंडावर हसू होतं.

तिसऱ्या कुलपाला तर तिनं सूपही घेतलं नाही. वाचलं आणि टाळीच वाजवली. "अवो, ही तर आमची भाषा!" लहानपणी ती आणि तिची बहीण कांता अशा बोलायच्या. शब्दाचं पहिलं अक्षर शेवटाला न्यायचं आणि त्याच्या जागी च घालायचा. मला भूक लागली असं म्हणायचं असलं तर 'चलाम चूकभ चागलील.' लग्नानंतर कांता आमच्याकडं यायची तेव्हा दोघी चुलीपाशी बसून ह्या भाषेत माझ्या आईचीच उणीदुणी काढायच्या. आई समोर बसून कौतुकानं मान हलवायची. म्हणायची, "सुनंला किती येतंय गं, कानडीबी येतंय." सोजरनं त्या दिवशी कांताला फोन लावला आणि दोघी म्हाताऱ्या अर्धा तास चच्च-चच्च करत बसल्या. मला त्यातलं एकच कळलं, की मधे मधे माझ्याबद्दल चाललंय.

पाचव्यात आम्ही दोघंही बुडालो. त्यात अक्षरं नव्हती, नुसतं गावाचं चित्र होतं आणि खूण त्यात लपवलेली. सोजरनं बघितल्या बघितल्या बोट ठेवलं. "हे बघा. तुळस घराच्या मागं हाय. कुणी लावतंय का अशी तुळस? हितंच काय तरी हाय." मीही वाकून बघितलं. मला बैलगाडी दिसली. म्हणलं, "तुळशीचं सोड. जू बैलाच्या मानंवर न्हाय, शिंगावर ठिवलंय. खूण गाडीत हाय." ती म्हणायची तुळस, मी म्हणायचो गाडी. दोन दिवस आमचं बोलणं बंद. शेवटी खूण निघाली लिंबाच्या झाडात. फांद्यांचीच अक्षरं केली होती. तुळस आणि जू ही नुसती चित्र काढणाऱ्याची चूक. सोजर म्हणली, "ह्याच्या घरी तुळसबी न्हाय आन् बैलबी न्हाय. कुठला रं बाबा तू?" आणि मग मला म्हणली, "तुमी तरी काय, माझं ऐकून गाडी बघत बसलाव." मी तिचं ऐकून कुठं, तिच्याशी भांडून बघत होतो. पण जाऊ द्या.

खरी चूक ह्याच्या आधीच झाली होती, अगदी पहिल्याच दिवशी.

शहरातल्या माणसानं गोष्ट लिहिली की त्यातल्या गड्याचं नाव दगडू. इथंही तेच. सावकार दामोदरपंत, पुजारी विश्वनाथ, सोनार रत्नाकर आणि गडी दगडू. सोजरनं चौघांची नावं मनात वाचली आणि चौथ्याला लगेच बाजूला काढलं. "त्यांना सोडा," म्हणली. "त्यांचं काय काम न्हाय ह्यात." खेळातल्या गड्याला ती अहोजाहो करायची. बाकीच्यांना अरेतुरे. "त्यो सोनार लई वंगाळ हाय बघा. आन् ते गडी बिचारे आपले गोठ्यात होते."

मग कुलपं उघडत गेली तशा चोराच्या गोष्टी कळत गेल्या. चोर डावखुरा. चोर उंच, कारण शिडी नसताना घंटेला हात पोचलेला. चोराच्या अंगाला पेंडीचा वास. सोजरचा सगळा संशय सोनारावर, पण सोनार बुटका. ती म्हणायची, "स्टूल आणलं असंल." पेंडीचा वास आला तेव्हा माझ्यानं राहवलं नाही.

"अगं, पेंडीचा वास म्हणल्यावर गडीच की. सोनाराच्या अंगाला पेंड कुठनं यायची?"

"त्यानं म्हैस पाळली असंल."

"सोनारानं?"

"का? सोनाराला दूध लागत न्हाय व्हय?"

"सोजर, गडीच चोर हाय. म्या सांगतो."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी देवळात थुंकलोय. "गप बसा. आपल्याच नावाच्या माणसावर आळ घ्यायला लाज कशी वाटत न्हाय तुमाला?" पुढचं कानडीत म्हणली.

हे असं दोन-तीन आठवडे चाललं. ती सोनाराला चोर करायला बघायची आणि सोनार काही चोर व्हायला तयार नाही. सहावं कुलूप उघडलं, सातवं आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी खेळ बंद होणार होता. फळ्यावर नाशिकची नावं लागली होती, नागपूरची लागली होती, लातूरचंही एक लागलं होतं. लातूरचं बघून ती फारच अस्वस्थ झाली. "शेजारचं लागलं. आपलं न्हाय," म्हणली.

आणि त्या संध्याकाळी ओट्यावर तिनं सगळं पहिल्यापासून परत वाचलं आणि हसत सुटली.

"निवडायच्या आधीच एकाला बाजूला काढलं व्हतं म्या," ती म्हणली. "समदं बसतंय आता. हात, उंची, वास, समदं."

"मग कोण?"

"तुमाला ठावं हाय."

"मला काय ठावं? मी बैलगाडी बघत बसलेला माणूस. तू सांग. सावकार?"

मान हलवली, नाही.

"पुजारी?"

नाही.

"तुझा लाडका सोनार?"

नाही. डोळ्यांतनं पाणी यायलं होतं हसून.

"मग राहिलं कोण? नाव सांग."

"तुमी लई वाईट हाव," म्हणली.

मी फोन तिच्याकडं सरकवला. "नको सांगू. लिही तिथं."

"लिहिलं काय आन् घेतलं काय, एकच."

"मग मी लिहू? माझ्या हातानं मीच लिहू की दगडू चोर हाय? सहीशिवाय कधी कुठं नाव लिहिलं न्हाय म्या, आन् लिहायचं तर हे?"

"लिहा की. तुमालाच पयल्यापासनं हौस होती."

मी हटून बसलो. खरं सांगतो, मला राग नव्हता आला. मला मजा वाटत होती. म्हातारपणी बायको अशी तावडीत सापडत नाही. मी म्हणलं, "एकदा नाव घे. एकदाच. हितं कोण हाय ऐकायला? घेतलंस की लिहितो."

ती हसायची थांबली. पदर नीट केला. आणि मग जे बोलली ते मी तसंच्या तसं लिहितो.

"इतकी वर्षं जपून ठिवलं. आन् आता पयल्यांदा घ्यायचं ते चोर म्हणून घिऊ व्हय?"

मी विडी शोधायला लागलो. विडी सोडून बरेच दिवस झाले होते, तरी शोधायला लागलो.

"सकाळी बघू," ती उठता उठता म्हणली. "दुपारपातूर येळ हाय. तवर तुमचा ताठा उतरंल." आत गेली, चूल पेटवली, भाकरी टाकल्या. वांग्याची भाजी होती. मीठ कमी पडलं होतं, मी बोललो, ती म्हणली वरून घ्या. एवढंच आमचं शेवटचं बोलणं. दुसरं काही नाही. लोक विचारतात, काही म्हणाली का जाताना? म्हणाली. मीठ वरून घ्या म्हणाली.

सकाळी चुलीचा आवाज नाही म्हणून जाग आली. म्हैस ओरडत होती. सोजर माझ्याआधी उठली नाही असा दिवस मला आठवत नाही. हाक मारली. हात लावला. हात गार होता.

गावातला डॉक्टर आला, झोपेतच गेल्या म्हणाला, हृदय. पोराला फोन केला, तो पुण्याहून निघाला. त्याला यायला दुपार टळणार होती. कांता निघाली. बायका जमल्या, सोजरला पुढच्या खोलीत खाली घेतलं, रडणं सुरू झालं. पुरुष मंडपाचं, लाकडांचं बघायला लागले. मला कुणी काही करू देईना. शेजारचा हणमंता माझ्याजवळ ओट्यावर बसून राहिला. मी त्याच जागेवर बसलो होतो जिथं आदल्या दिवशी ती बसली होती. ऊन अंगणात उतरत उतरत निम्म्यापर्यंत आलं. तेव्हा मला एकदम दुपार आठवली.

मी उठून आत गेलो, फडताळातला फोन घेतला, माझा चष्मा लावला आणि परत येऊन बसलो. उघडला. खेळ अजून तिथंच होता, सातव्या कुलपावर. चोराचं नाव लिहा.

"काका," हणमंता हळूच म्हणाला, "फोन ठिवा आता. लोकं बघायलेत."

"बघू दे."

"पोराचा फोन येईल तर मी हाय की."

"हणमंता, गप बस."

एकेक अक्षर शोधावं लागलं. द सापडला. ग सापडला. ड चं बोट चुकलं, भलतंच आलं, ते पुसलं. माझी बोटं जाड आहेत. बाजूनं एक बाई दुसरीला म्हणली, म्हाताऱ्याला धक्का बसलाय. बसलाच होता. पण मी नाव लिहीत होतो. दगडू. नाव लिहून झालं आणि मला वाटलं, बरं झालं, तिच्या तोंडातनं असं नाही आलं. तिचं म्हणणं बरोबर होतं.

खाली आणखी दोन रकाने होते. कुणी शोधलं, त्यात लिहिलं सोजर. गाव, त्यात लिहिलं सास्तूर. मग फोननं विचारलं, खात्री आहे का? एकदाच संधी आहे. मी होय दाबलं.

थोडा वेळ नुसतं गोल फिरत राहिलं. मग हिरवं झालं, आणि एक मोठी यादी आली, नावंच नावं. अक्षर इतकं बारीक की चष्म्यातनंही मला काही दिसेना.

फोन हणमंताच्या हातात दिला. "सगळ्यात खाली काय लिव्हलंय ते वाच."

त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग फोनकडं. "सोजर, सास्तूर," तो पुटपुटला.

"मोठ्यानं वाच. आतपातूर जाऊ दे."

हणमंतानं घसा साफ केला आणि मोठ्यानं वाचलं, "सोजर, सास्तूर." काय झालं म्हणून आतल्या दोघी-तिघी दारात येऊन बघायला लागल्या.

मी उठलो, मागच्या दारी गेलो, आणि तिच्या अंघोळीचं पाणी तापवायला चूल पेटवली.